न मोजलेली तबली

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. गिटारींच्या कारखान्यात अडतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, लाकडाला टिचकी मारायची आणि ऐकायचं. त्यामुळे ते टिचकीमास्तर, आणि माणसं मुळात आळशी असल्यामुळे पुढे नुसतेच मास्तर. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की कलिंगड घ्यायला गेले की फळवाला म्हणायचा, "मास्तर, आधी या चार जणांना निवडून द्या, मग तुमचं घ्या." घरात नवं कपाट आलं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर टिचकी मारली आणि "नुसता भुसा दाबलाय" असं बनवणाऱ्या सुताराच्या तोंडावर जाहीर केलं. बायको चार दिवस बोलली नाही. सुतार तिचा मावसभाऊ होता.

गिटारीच्या पोटावर जी पातळ फळी असते तिला कारखान्यात तबली म्हणत. आवाज देते ती तबली, आणि सहा तारांचा ताण, म्हणजे एका चांगल्या खात्यापित्या माणसाचं वजन, दिवसरात्र पेलते तीही तबलीच. तिला बळ यावं म्हणून आतून लाकडी पट्ट्या सरसाने चिकटवतात. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार शंभर वर्षं टिकते आणि शंभर वर्षं पाटासारखी वाजते. जास्त छिलल्या तर आवाज असा सुटतो की ऐकणारा जागचा हलत नाही. पण मग तबली हळूहळू पोट फुगवते आणि तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यापाशी एक दिवस चिरते. या दोन्हींच्या मधली जागा मास्तरांच्या बोटाला ठाऊक होती. टिचकी मारायची, पट्टीवरून पटाशी फिरवायची, पुन्हा टिचकी. डोक्यात बसलेला तो एक सूर ऐकू आला की "झाली" म्हणायचं आणि तबली बाजूला ठेवायची. अडतीस वर्षांत त्यांची एकही तबली चिरली नव्हती. ही गोष्ट ज्याला त्यांनी सांगितलेली नाही असा माणूस सगळ्या गल्लीत सापडला नसता.

मग एकदा दुरुस्तीला एक जुनी गिटार आली. नव्वदीच्या घरातली. वार्निश उडालेलं, दांडी वाकलेली, पण मालकांनी तिची एक तार छेडली आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मालक गप्प बसले म्हणजे काहीतरी भलतंच महत्त्वाचं घडलं असणार, हे कारखान्यात पोरंटोरंही जाणून होती. शेवटी ते म्हणाले, "अशी करायची. अगदी अशी. पण दांडी वाकता कामा नये."

जुन्या लाकडाचा आवाज नव्या लाकडातून येत नाही. नव्वद वर्षं थांबणं मालकांना परवडण्यासारखं नव्हतं, ते स्वतःच सत्तरीचे होते. तोडगा काढला तो मास्तरांच्या भाचीने. भाची म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीची लेक. बहीण लवकर गेली आणि ही आठ वर्षांची पोर मामाकडे आली, ती वाढली या कारखान्यातल्या भुशातच. पुढे शिकून आली आणि आता खिडकीजवळच्या टेबलावर बसून नव्या गिटारींचे आराखडे काढत असे. तिचं म्हणणं असं की लाकूड बंद भट्टीत, हवा लागू न देता भाजायचं. आतला ओलावा आणि चीक निघून जातो, आणि लाकूड चार दिवसांत म्हातारं होतं.

"पाव भाजतात गं," मास्तर म्हणाले. "लाकूड भाजल्यावर त्याला कोळसा म्हणतात."

"कोळसा व्हायच्या बरंच आधी थांबायचं असतं, मामा."

तिच्या डोक्यात एवढंच नव्हतं. दांडी सरसाने कायमची चिकटवायची नाही, आतून दोन बोल्टांनी आवळायची, म्हणजे वाकली तर चावी फिरवून पुन्हा सरळ करता येईल. वरच्या खांद्याला एक छोटं भोक ठेवायचं, म्हणजे वाजवणाऱ्यालाही आपला आवाज नीट ऐकू येईल. आतल्या पट्ट्या मधे खोलगट कोरायच्या, जुन्या गिटारीत होत्या तशाच. मास्तर प्रत्येक गोष्टीला नाक मुरडत आणि संध्याकाळी घरी बायकोला तीच गोष्ट अभिमानाने समजावून सांगत. "भोक बघ, कुठे काढलंय पोरीने! नव्वद वर्षांत कुणाला सुचलं नाही."

एक गोष्ट मात्र त्यांना मनापासून रुचली नाही, ती म्हणजे कार्डं. भाचीने तिच्या टेबलावर एक साधं यंत्र बसवलं होतं. तबली दोन टोकांवर आडवी ठेवायची, मधोमध दोन किलोचं वजन, आणि तबली किती वाकली ते काटा मिलिमीटरमध्ये सांगायचा. तो आकडा त्या तबलीच्या कार्डावर लिहायचा. "तुमचं बोट बरोबरच सांगतं, मामा. पण ते बोट कागदावर आणलं पाहिजे, तरच मला त्यावरून पुढचं मांडता येईल." मास्तरांनी सुरुवातीला इमानेइतबारे मोजलं. आकडा चार यायचा, कधी चारच्या जरा खाली, कधी जरा वर. रोज उगवणारा सूर्य रोज कशाला तपासायचा? शिवाय तबली हातात धरून दुसऱ्या खोलीत जायचं आणि पोरीसमोर उभं राहायचं, हे त्यांना प्रगतिपुस्तक दाखवायला जाण्यासारखं वाटे. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी!

भाजलेली पहिली तबली त्यांच्या हातात आली तेव्हा तिचा रंग मधासारखा झाला होता. टिचकी मारली तर सूर वर, फारच वर. म्हणजे पट्ट्या जाड आहेत. त्यांनी पटाशी फिरवली. तरी सूर वरच. आणखी छिललं. नेहमीपेक्षा भुसा जास्त पडला हे त्यांच्या लक्षात आलं होतं, पण सूर खोटं बोलत नाही असं त्यांनी आयुष्यभर मानलं होतं. शेवटी ओळखीचा सूर आला. "झाली," ते म्हणाले, आणि कार्डावर नेहमीसारखं 'चार' लिहून मोकळे झाले.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या तबलीची पाळी आली. तोवर पहिली पेटीवर बसली होती, वार्निश वाळलं होतं, तारा चढायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. या वेळी भाची शेजारी येऊन उभी राहिली. मास्तरांनी छिललं, ऐकलं, पुन्हा छिललं, आणि "झाली" म्हणाले. तिने तबली उचलून आपल्या टेबलापाशी नेली, मागोमाग बाकीचेही आले. तिने ती यंत्रावर ठेवली, वजन ठेवलं. काटा चारवर आला. थांबला नाही. पाच. सहा. साडेसहाला टेकला.

"ही गेली, मामा," भाची हळूच म्हणाली. मग तिने विचार केला आणि तिचं तिलाच कोडं उलगडलं. "भाजल्यावर लाकूड हलकं होतं ना, म्हणून त्याचा सूर मुळातच वर असतो. तुम्ही तो तुमच्या सवयीच्या सुरावर उतरवलात. उतरवता उतरवता पट्ट्याच संपल्या. ही तारांचा ताण सहन नाही करायची." आणि मग हसून म्हणाली, "नशीब, पहिली तुम्ही मोजून लावलीत. तिचं कार्ड चार सांगतंय. ती फळी वेगळी निघाली असणार."

मास्तर काट्याकडे बघत राहिले. आत्ता सांगायला हवं होतं. वाक्य फार मोठं नव्हतं, तीन-चार शब्दांचं होतं. पण खोलीत वार्निशवाला होता, कानस मारणारे दोघं होते, आणि अडतीस वर्षं होती. "हो," ते म्हणाले. "फळी-फळीत फरक असतो."

तारा चढल्या त्या दिवशी अख्खा कारखाना गोळा झाला. भाचीने नुसता हात फिरवला, आणि जो आवाज आला तो ऐकून फाटकावरचा पहारेकरीसुद्धा आत आला. मालकांनी डोळे पुसले आणि चष्म्यावर धूळ आहे असं सांगितलं. जिच्यासाठी ही गिटार बनली होती ती वाजवणारी बाई नऊ दिवसांनी न्यायला येणार होती. सगळे मास्तरांची पाठ थोपटत होते. एकटे मास्तर कपाळावरचा घाम टिपत उभे होते, कारण असा आवाज का येतो हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

तिथून त्यांचा जीव टांगणीला लागला. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले की ते गिटारीच्या खोलीत जात. घोडीच्या मागे तबलीवर पोलादी पट्टी आडवी धरत आणि पट्टीखालून उजेड किती दिसतो ते बघत. थोडं पोट प्रत्येक तबलीला येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, असं ते स्वतःला सांगत. दुसऱ्या दिवशी उजेडाची रेघ केसाएवढी होती. तिसऱ्या दिवशी दोन केसांएवढी. चौथ्या दिवशी त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि अर्ध्या तासात पुन्हा जाऊन मोजलं. कुणाच्या हातून फळी पडली की ते दचकत. सरसाचं झाकण टक्कन उडालं तेव्हा त्यांच्या हातून पटाशी सुटली आणि पायाच्या अंगठ्याशेजारी रुतली. "मास्तर, वय झालं," वार्निशवाला म्हणाला. मास्तर हसले. हसताना आपला चेहरा कसा दिसत असेल याचीही त्यांना भीती वाटली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं चाललं होतं सगळं.

घरी बायकोच्या लक्षात आलं. नवरा दारावर, ताटावर, टेबलावर कुठेच टिचकी मारेनासा झाला होता. "अहो, कलिंगड न वाजवता आणलंत?" तिने विचारलं. कापलं तर आत पांढरं निघालं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मास्तरांना वाटलं की हिने आता विचारलं तर आपण सांगून टाकू. तिने विचारलं नाही.

सहाव्या दिवशी ते पोट भाचीलाही दिसलं. तिने पट्टी ठेवली, खाली वाकून बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिने मालकांना बोलावून आणलं. लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. हे ती कुणाकडून शिकली असेल ते देव जाणे, मामाकडून तरी नाही.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाईंच्या मांडीवर ही चिरली तर आपण तोंड दाखवायचं कुठे?" ते म्हणाले. "तीन दिवस बघू. अशीच फुगत राहिली तर हा भाजण्याचा उद्योग बंद. मी जुन्याच पद्धतीने गिटारी करीन. आणि मग आराखडे काढायला कुणी लागणार नाही. स्पष्ट बोलतोय, राग मानू नकोस."

त्या दोन दिवसांत भाची टेबलावरून उठली नाही. भट्टीची उष्णता, वेळ, लाकडाचं वजन, सगळे कागद तिने पुन्हा मांडले. डबा तसाच परत जाई. आठव्या दिवशी दुपारी मास्तर तिच्यासाठी चहा घेऊन गेले.

"मला चूक सापडत नाहीये, मामा," ती म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "तुमच्या कामात तर खोट नाही, चार आकडा बरोबर आहे. मग खोट भट्टीत असणार. म्हणजे माझ्याच डोक्यात. आई म्हणायची ना, हिला फार शहाणपण आहे."

"होईल नीट," मास्तर म्हणाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. सांगावं तर आयुष्यभराची अब्रू जाते. न सांगावं तर पोरगी जाते, आणि जाताना आपलंच चुकलं असं समजून जाते. इतके दिवस त्यांना तबली चिरण्याची भीती वाटत होती. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांना तबली न चिरण्याचीही भीती वाटली, कारण मग ते कधीच बोलले नसते.

नवव्या दिवशी बाई सांगितल्या वेळेच्या तासभर आधीच आल्या आणि सरळ वर मालकांच्या खोलीत गेल्या. कुणी थांबवायच्या आत त्यांनी तिथे आणून ठेवलेली गिटार मांडीवर घेतली होती. खाली आवाज येऊ लागला. सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. बाईंचा हात जोरकस होता. प्रत्येक फटकाऱ्याला मास्तर वर छताकडे बघत होते. एवढा सुंदर आवाज आणि त्यांना तो कानात बोटं घालून बंद करावासा वाटत होता.

ते भाचीच्या टेबलापाशी गेले. ती मालकांसाठी चिठ्ठी लिहीत होती. भाजलेल्या लाकडाचा आराखडा माझ्या जबाबदारीवर होता, तो मी मागे घेते, आणि टेबलही रिकामं करते, एवढंच त्यात होतं. खाली तिने सही करायला घेतली.

"मी मोजलं नव्हतं," मास्तर म्हणाले.

तिने वर बघितलं.

"पहिलीचा आकडा. यंत्रावर ठेवलीच नव्हती मी तबली. चार येतो म्हणून चार लिहिला. ती साडेसहाचीच असणार. तुझ्या भट्टीत काही खोट नाही, पोरी. खोट माझ्यात आहे."

रडेल, ओरडेल, काहीतरी करेल असं त्यांना वाटलं होतं. वरून गिटार वाजतच होती. तिने नुसता खण उघडला आणि कार्डांचा गठ्ठा काढला. वर्षभराची चाळीस कार्डं, सगळी मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरातली.

"सगळं मी यांच्यावरून मांडलं," ती म्हणाली. "पट्ट्या किती खोल कोरायच्या, दांडी कुठल्या कोनात बसवायची, सगळं. यातली किती मोजलेली आहेत?"

हा प्रश्न येईल हे मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. 'सगळी' हा शब्द अगदी जिभेच्या टोकावर होता. तो म्हटला असता तर तिने विश्वासही ठेवला असता, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं.

"नऊ," ते म्हणाले.

भाचीने गठ्ठा खाली ठेवला. "वर जा, मामा," ती म्हणाली. "त्यांना वाजवणं थांबवायला सांगा."

जिना सोळा पायऱ्यांचा होता. मास्तर कठड्याला धरून चढले. मालक हसून काहीतरी सांगत होते, बाईंच्या कपातला चहा निवला होता. मास्तर दारातच म्हणाले, "तारा सैल करा. तबली माझ्या हातून जास्त छिलली गेलीय आणि मी कार्डावर खोटा आकडा लिहिलाय." एका दमात बोलले, मधे थांबलो तर पुढचं राहून जाईल या भीतीने. मालकांचं हसू हळूहळू मावळलं. बाईंनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या गिटारीकडे, आणि एखादं झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी ती टेबलावर ठेवली.

मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. ते एवढंच म्हणाले, "पोरीची नोकरी जात होती, मास्तर. तुम्ही रोज बघत होतात."

गिटारीची पाठ उघडून आतून आणखी एक पट्टी चिकटवावी लागली. बाई महिन्याभराने येऊन ती घेऊन गेल्या. चांगली गिटार होती. त्या दिवशीचा आवाज मात्र तिच्यात राहिला नव्हता, आणि बाईंनीही तसं बोलून दाखवलं नाही. भाचीचं टेबल खिडकीपाशीच राहिलं. मास्तरांचंही काम राहिलं, कारण कान अजून त्यांचाच होता. एकतीस कार्डं फाडून टाकली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं. भाजलेल्या लाकडाचा सूर वेगळा असतो, तो एकसष्टाव्या वर्षी मास्तर नव्याने शिकले. दोन महिने लागले. शिकताना त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही.

भाची पूर्वीसारखीच मामा म्हणते. चहा देते, मामीची चौकशी करते, डब्यातलं वाटून खाते. त्या दिवसाबद्दल ती पुन्हा एका शब्दाने बोललेली नाही.

परवा मास्तरांनी एक तबली पुरी केली. टिचकी मारली, ऐकलं, आणि "झाली" म्हणाले. मग स्वतःच ती दोन्ही हातांत धरून दुसऱ्या खोलीत घेऊन गेले. भाचीने यंत्रावर ठेवली, वजन ठेवलं, काटा वाचला. चार. बरोबर चार. मास्तरांनी कार्डाकडे हात नेला. पण तिने वजन उचललं, तबली उलट बाजूने फिरवून ठेवली, आणि वजन पुन्हा हळूच मधोमध टेकवलं. पूर्वी ती असं करत नसे. मास्तरांनी हात मागे घेतला आणि काटा स्थिर होईपर्यंत ते तिच्या टेबलापाशी उभे राहिले.